मागणी असंबद्ध

खातेनिहाय चौकशीचा रोजनामा ठेवण्याची आमच्या कार्यालयात पद्धत होती. त्या दिवशी कोण हजर होते, कोणता साक्षीदार तपासला, कोणता कागद दाखल झाला, हे सारे तारीखवार लिहून शेवटी चौकशी अधिकारी, कार्यालयाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी आणि आरोपित कर्मचारी अशा तिघांच्या सह्या घ्याव्या लागत. डिसेंबर १९८५ मधील अशा एका रोजनाम्यात माझ्या अक्षरात एक वाक्य आहे: ‘आरोपित कर्मचाऱ्याने गेटवरील आवक-जावक रजिस्टर पाहावयास मागितले, मागणी असंबद्ध असल्याने नामंजूर.’ त्याखाली माझी सही आहे, आणि शेवटी, थोडी वाकडी पण पूर्ण नावानिशी, ज्याची मागणी नामंजूर झाली त्या माणसाचीही सही आहे. नोकरीच्या चौतीस वर्षांत मी हजारो पाने लिहिली असतील, पण त्यांतले हे एकच वाक्य मला अक्षरशः पाठ आहे.

बडोद्यातील एका सार्वजनिक उपक्रमात मी तेव्हा प्रशासन विभागात होतो. वय तेहतीस, कायद्याची पदवी नुकतीच रात्रीच्या वर्गांतून घेतलेली, आणि त्यामुळेच माझ्याकडे ही चौकशी आलेली. ज्यांची चौकशी करायची ते आमचे स्टोअरकीपर होते. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, दांडिया बाजाराच्या मागच्या एका वाड्यात राहणारे, सारे कार्यालय ज्यांना अण्णा म्हणे असे गृहस्थ. वार्षिक साठा-पडताळणीत तांब्याच्या केबलचे दोन ड्रम कमी भरले. बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या जागेवर ठेवलेल्या साठ्याच्या नोंदीत, शिल्लक दिसत होती, लेजरमध्येही दिसत होती, प्रत्यक्ष जागेवर मात्र ड्रम नव्हते. अण्णांचे म्हणणे असे, की मार्च महिन्यात एका संध्याकाळी वरिष्ठांच्या तोंडी सांगण्यावरून माल कामाच्या ठिकाणी रवाना झाला, मागणीपत्र दुसऱ्या दिवशी येणार होते ते आलेच नाही, आणि माल कसा गेला हे पाहायचे तर गेटवरचे त्या महिन्याचे रजिस्टर मागवावे. ज्या वरिष्ठांचे नाव त्यांनी घेतले त्यांनीच पहिला अहवाल दिला होता, आरोपपत्राचा मसुदाही त्यांच्याच टेबलावर तयार झाला होता, आणि माझा गोपनीय अहवाल तेच लिहीत असत. मी त्यांना रजिस्टराबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “आरोपपत्राच्या यादीत तो कागद नाही. आपण ज्याचा आधार घेतलेला नाही तो कागद दाखवण्याचे आपल्यावर बंधन नाही.” कायद्याचे पुस्तक वाचलेल्या मला हे वाक्य अगदी पटले. मी ‘असंबद्ध’ हा शब्द लिहिला, आणि पुढच्या तारखेला चौकशी संपवली.

आरोप सिद्ध झाल्याचा माझा अहवाल अण्णांना दाखवला गेला नाही. तशी पद्धतच नव्हती. दोन महिन्यांनी त्यांना सेवेतून काढून टाकल्याचा आदेश निघाला. त्यांनी अपील केले, ते एका ओळीत फेटाळले गेले. न्यायालयात जाण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नव्हते आणि त्यांना तसा सल्ला देणारेही कोणी नव्हते.

आमच्या कचेरीत कागद गुजरातीत आणि इंग्रजीत चालत, आपसांतले बोलणे निम्मे मराठीत. आरोपपत्राला तहोमतनामा, चौकशीला खाताकीय तपास, निलंबनाला फरज मोकूफी, हे शब्द आम्हां बडोदेकर मराठी माणसांच्या तोंडी इतके बसले आहेत की पुण्याचे नातेवाईक हसतात. या शहराला कारभाराच्या शब्दांची जुनी ओढ आहे. १९३१ मध्ये सयाजीरावांच्या राज्यात प्रशासनातील शब्दांचा बहुभाषी कोशच तयार झाला. आपण मराठीत ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतो त्याला गुजरातीत ‘कुदरती न्याय’ म्हणतात, आणि मला तो शब्द अधिक जवळचा वाटतो. ‘नैसर्गिक’ म्हटले की पाठ्यपुस्तक आठवते. ‘कुदरती’ म्हटले की तहानभुकेसारखे काहीतरी आठवते, जे कायदेमंडळ स्थापन होण्याच्या कितीतरी आधीपासून माणसाला लागत आले आहे. माझ्याबद्दल काही ठरवणार असाल तर मला आधी सांगा, माझे ऐकून घ्या, ठरवणारा माझा वैरी किंवा माझ्या वैऱ्याचा ताबेदार नसू द्या, आणि जे ठरवाल ते का ठरवले हे मला कळू द्या. सारे तत्त्व एवढेच आहे. पाच वर्षांच्या मुलालाही ते कळते. न केलेल्या खोडीबद्दल मार बसला तर ते जितके रडते, त्याहून अधिक ‘माझं ऐकलंच नाही’ म्हणून रडते.

हे आपल्याकडे इंग्रजांबरोबर आले असे समजण्याचे कारण नाही. मराठेशाहीतील निवाडपत्रे पाहावीत. अग्रवादीची, म्हणजे दावा मांडणाऱ्याची, तकरीर (म्हणणे) आधी, मग पश्चिमवादीची, म्हणजे उत्तर देणाऱ्याची, त्यानंतर साक्षीपुरावा, आणि मग निवाडा, असा त्यांचा क्रम असतो. हरणाऱ्याचे म्हणणेही जिंकणाऱ्याच्या म्हणण्याइतक्याच विस्ताराने त्या कागदात उतरते. आज एखादा विभाग ‘आपला खुलासा समाधानकारक नाही’ एवढे चार शब्दांचे वाक्य लिहून माणसाची वीस वर्षांची नोकरी संपवतो, तेव्हा त्या जुन्या मोडी कागदांपुढे आपण मागेच गेलो आहोत असे मला वाटते.

इंग्रजी कायद्यातील एक जुना दाखला मात्र मी वर्गात ऐकला तेव्हापासून विसरलेलो नाही. केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या होत्या; १७२३ मध्ये त्या प्रकरणाचा निकाल देताना न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी बायबलातील आदमाची गोष्ट सांगितली. ईश्वरानेसुद्धा आदमाला शिक्षा देण्यापूर्वी हाक मारली आणि विचारले, की तू कुठे आहेस, ज्या झाडाचे फळ खाऊ नकोस म्हणून मी बजावले होते त्याचे फळ तू खाल्लेस काय. विद्यार्थी असताना मला ही न्यायमूर्तींची एक हौस वाटली होती. पुढे तिचा अर्थ ध्यानात आला. ईश्वर सर्वज्ञ, आदम कुठे लपला आहे आणि त्याने काय खाल्ले आहे हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. विचारल्याने त्याच्या माहितीत कणभरही भर पडणार नव्हती. तरीही विचारले. म्हणजे ऐकून घेणे हे केवळ माहिती मिळवण्याचे साधन नव्हे, समोरच्याला माणूस मानण्याचा तो भाग आहे, असे त्या दाखल्यात सांगितलेले आहे. सगळे आधीच ठाऊक आहे अशी ज्याची खात्री असते, त्यानेच हा प्रश्न विचारणे सर्वांत अधिक गरजेचे असते.

दुसरा दाखला १८६३ च्या निकालाचा. लंडनच्या वँड्सवर्थ भागात कूपर नावाच्या माणसाचे अर्धे बांधलेले घर तिथल्या मंडळाने पाडून टाकले होते. बांधकामाची सूचना सात दिवस आधी देण्याचा नियम होता, आणि ती मिळाली नाही असे मंडळाचे म्हणणे होते. पाडण्यापूर्वी मालकाला विचारावे असे कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते. कायदेमंडळाने जे लिहायचे सोडले ते न्यायाची रीत भरून काढील, असे न्यायाधीशांनी सांगितले आणि कूपरच्या बाजूने निकाल दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी घरे पाडण्याविषयी जो निर्णय दिला, त्यात पंधरा दिवसांची नोटीस, समक्ष सुनावणी, त्या सुनावणीची लेखी नोंद आणि कारणांसह आदेश या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. दोन निकालांमध्ये एकशे एकसष्ट वर्षे उलटली आणि प्रश्न तोच राहिला.

भारतीय न्यायालयांनी या बाबतीत केलेले काम मी अभिमानाने वाचत आलो आहे. ओरिसातील डॉ. बीनापाणी देई यांची जन्मतारीख सरकारने मागे नेली आणि त्यांना मुदतीपूर्वी निवृत्त केले; चौकशी झाली होती, पण तिचा अहवाल त्यांना दाखवलाच नव्हता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा आदेश प्रशासकीय स्वरूपाचा असला तरी ज्याच्यावर त्याचे परिणाम होणार त्याला पुरावा सांगून उत्तराची संधी देणे भाग आहे. दोन वर्षांनी क्रैपाक यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून अधिकारी निवडायचे होते, आणि निवड मंडळावर जे एक वनाधिकारी बसले होते ते स्वतःच उमेदवार होते. स्वतःचे नाव निघाले तेव्हा ते उठून गेले. प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा मात्र हजर राहिले. यादीत त्यांचे नाव पहिले आले. त्यांच्या मनात खरोखर काय होते हे शोधत बसण्याची गरज नाही, पक्षपाताची वाजवी शक्यता दिसली एवढे पुरे, असे न्यायमूर्ती हेगडे यांनी लिहिले, आणि प्रशासकीय व अर्धन्यायिक (न्यायालयासारखा निवाडा करणारे) निर्णय यांच्यातली रेघ पुसट होत चालली आहे हेही लिहिले. हा निकाल मी परीक्षेसाठी पाठ केला होता. माझा गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने ज्याच्यावर आरोप ठेवला त्याचीच चौकशी मी स्वीकारतो आहे, हे मात्र १९८५ मध्ये माझ्या मनातही आले नाही. पाठ केलेला कायदा आणि हातून होणारी गोष्ट यांच्यात एवढे अंतर असू शकते.

मनेका गांधींचे प्रकरण सर्वांना नावाने ठाऊक असते. जुलै १९७७ मध्ये त्यांचा पासपोर्ट सार्वजनिक हिताच्या नावाखाली जप्त झाला. त्यांनी कारणे विचारली, तेव्हा ती सांगणे सार्वजनिक हिताचे नाही असे उत्तर आले. जानेवारी १९७८ च्या निकालाने राज्यघटनेच्या, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याविषयीच्या, कलम २१ मधील कार्यपद्धती ही न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे असे ठरले, आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी त्यावर मोठी इमारत उभी केली. मला मात्र त्या निकालातील एक लहान गोष्ट नेहमी खटकते. जप्तीनंतर का होईना, सुनावणी देऊ असे सरकारने न्यायालयात आश्वासन दिले आणि त्यावर प्रकरण निभावले. आधी ठरवायचे आणि मग ऐकायचे, यात ऐकणाऱ्याचे कान कितपत उघडे असतात? आपलाच आदेश चुकला असे म्हणण्यासाठी लागणारे मोठे मन मी तरी कचेऱ्यांत क्वचितच पाहिले आहे. तातडी असेल तिथे नंतरची सुनावणी हा नाइलाज म्हणून चालेल. तिला रीत बनवू नये.

बडोद्यात राहणाऱ्याने या विषयावर लिहावे आणि बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांचे नाव टाळावे हे शक्य नाही. आमच्या घरी ते नाव क्वचितच निघे. माझे आजोबा सयाजीरावांच्या राज्यात कारकुनीसाठी कोकणातून आले, त्यामुळे आमचा सारा इतिहासच मुळी १८७५ नंतर सुरू होई. त्या वर्षी काय झाले ते मी पुढे स्वतः वाचून काढले. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्यातील ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. त्यांना अटक झाली आणि बडोद्यातच सहा जणांचा आयोग बसला. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, त्यांच्यासह तीन इंग्रज. आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव असे तीन हिंदी सभासद. मल्हाररावांच्या बचावासाठी इंग्लंडहून बॅलंटाइन नावाचे नामवंत वकील आले, त्यांनी खुद्द कर्नल फेअर यांची उलटतपासणी घेतली. म्हणजे नोटीस, वकील, उलटतपासणी, साऱ्या बाबी यथासांग झाल्या. शेवटी तीन विरुद्ध तीन अशी मते पडली: इंग्रजांच्या मते आरोप सिद्ध, हिंदी सभासदांच्या मते असिद्ध.

आणि मग एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केल्याचा जाहीरनामा निघाला. त्यात विषप्रयोगाचा आधार घेतलेला नव्हता. गैरवर्तन, राज्यकारभारातील गोंधळ आणि सुधारणा करण्याची असमर्थता, ही कारणे दिली होती. कारभार सुधारण्यासाठी त्याच सरकारने त्यांना १८७५ च्या अखेरपर्यंतची मुदत दिलेली होती, आणि ती संपायला आठ महिने शिल्लक होते. ज्या आरोपावर ऐकून घेतले त्यावर शिक्षा नाही, आणि ज्यावर शिक्षा दिली त्यावर त्या सुनावणीत ऐकून घेतलेले नाही. शिवाय आरोप करणारा रेसिडेंट ज्या सरकारचा, आयोग नेमणारे तेच, आणि अंतिम निर्णय घेणारेही तेच सरकार. मी कार्यालयात असताना नवीन अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण सांगत असे, कारण एका आरोपपत्रावर चौकशी करून भलत्याच कारणावर काढून टाकण्याचा प्रकार आजही घडतो, आणि तो करणाऱ्याला आपण काही वावगे केले असे वाटतसुद्धा नाही.

यातील अवघड भाग मला पुढे दिसला. मल्हाररावांचा कारभार खरोखरच वाईट होता. १८७३ मध्ये बसलेल्या पहिल्या आयोगापुढे प्रजेने मांडलेल्या तक्रारी खोट्या नव्हत्या. दादाभाई नौरोजींसारखा माणूस दिवाण म्हणून आला आणि थोड्याच काळात राजीनामा देऊन गेला. आणि मल्हारराव गेले नसते तर कवळाण्याचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला नसता. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, न्यायखात्याची शिस्त, माझ्या आजोबांची नोकरी, आमचे बडोद्यातील घर, हे सारे त्या एका अन्याय्य आदेशाच्या पुढचे आहे. निकाल चांगला लागला म्हणून पद्धत चांगली होती असे म्हणता येते काय? बडोदेकर म्हणून मला या प्रश्नाचे उत्तर देणे जड जाते, आणि तरीही ‘नाही’ हेच उत्तर मला द्यावे लागते.

अण्णांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न माझ्यासमोर आला. चौकशीनंतर नऊ वर्षांनी आमच्या जुन्या अभिलेखांचे कपाट दुसऱ्या इमारतीत हलवायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. सुरक्षा विभागाच्या गठ्ठ्यांत १९८५ च्या मार्चचे गेट रजिस्टर मिळाले. मी ते तिथेच, धुळीत उभ्याउभ्या उघडले. अठरा तारखेला संध्याकाळी सव्वासहाला केबलचे दोन ड्रम एका खासगी टेम्पोतून बाहेर गेल्याची नोंद होती. ‘कोठे’ हा रकाना कोरा. ‘माल पाठविणारा’ या रकान्यात अण्णांची सही होती, रोजनाम्यावर होती तशीच, थोडी वाकडी आणि पूर्ण नावाची.

माझ्या मनात पहिल्यांदा सुटकेची भावना आली हे मी लपवत नाही. कंपनीच्या गाडीतून नव्हे, खासगी टेम्पोतून, ठिकाण न लिहिता, त्यांच्याच सहीने माल गेला होता. रजिस्टर तेव्हा मागवले असते तरी आरोप सिद्धच झाला असता. किंबहुना अधिक पक्का झाला असता. माझ्या हातून चूक झाली खरी, पण त्या चुकीने कोणाचे नुकसान झाले नाही, असे मी स्वतःला सांगितले.

न्यायालयांनीही हा मार्ग अवलंबिला आहे. १९८० मध्ये एस. एल. कपूर यांच्या प्रकरणात, नवी दिल्लीची नगरपालिका समिती बरखास्त केल्याच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की म्हणणे न ऐकणे हेच मुळी नुकसान आहे, वेगळे नुकसान दाखवण्याची गरज नाही. पण त्याच निकालात एक वाट मोकळी ठेवली होती: निर्विवाद तथ्यांवरून एकच निष्कर्ष निघत असेल तर गोष्ट वेगळी. पुढे १९९३ च्या करुणाकर प्रकरणात चौकशीच्या अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला दिलीच पाहिजे असे घटनापीठाने ठरवले, मात्र ती न दिल्याने फरक पडला काय हे तपासायलाही सांगितले. आणि १९९६ च्या शर्मा प्रकरणापासून ‘प्रत्यक्ष हानी काय झाली ते दाखवा’ ही कसोटी घट्ट बसली. न्यायालयांची अडचण मी समजू शकतो. क्षुल्लक त्रुटीवरून खऱ्या चोरांना परत कामावर घेण्याचे आदेश द्यावे लागले तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. तरीही या कसोटीत एक पेच आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मी अजून कुठे वाचलेले नाही. हानी झाली की नाही हे ठरवायचे ते ज्याचे ऐकलेच नाही त्याच्या उत्तराच्या कल्पनेवरून. तो काय म्हणाला असता हे आपण आपल्या मनाने ठरवतो, आणि त्याने फरक पडला नसता असे स्वतःला सांगतो. १९६९ मध्ये इंग्लंडमधील न्यायमूर्ती मेगरी यांनी बजावले होते, की ज्यात बोलायला काही जागाच नाही असे वाटणारी प्रकरणे प्रत्यक्षात तशी न निघाल्याचे दाखले कायद्याच्या वाटेवर विखुरलेले आहेत. हे वाक्यही मी वाचलेले होते.

ती नोंद पाहिल्यावर काही आठवडे मी काहीच केले नाही. त्यानंतर एका रविवारी त्या पानाची झेरॉक्स घेऊन दांडिया बाजारात गेलो. का गेलो हे नीट सांगता येणार नाही. नऊ वर्षे हा माणूस ‘ते रजिस्टर दाखवलं असतं तर मी सुटलो असतो’ असे धरून बसला असेल आणि ती समजूत चुकीची आहे हे त्याला कळलेले बरे, असे काहीसे माझ्या मनात होते. सूरसागरच्या कडेने जाताना समोर न्यायमंदिराची इमारत लागते. मुळात बाजारासाठी बांधायला घेतलेली ही इमारत १८९६ मध्ये न्यायालयाची झाली, आणि तेव्हा जिल्हा न्यायालय तिथेच भरत असे. आता ते दुसरीकडे गेले आहे. रविवार असल्याने दारे बंद होती. अण्णांना त्या दारापर्यंतही पोहोचता आले नव्हते.

वाड्यात दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या पत्नीने दार उघडले. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग म्हणाल्या, “या, आहेत घरी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि रागापेक्षा तेच मला जड गेले. अण्णा खिडकीशी बसले होते. एकसष्ट-बासष्टचे असतील, पण त्याहून थकलेले दिसत होते. मी फार प्रस्तावना न करता झेरॉक्स त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, “अण्णा, तुम्ही तेव्हा मागितलेलं ते पान सापडलं.”

त्यांनी चष्मा लावला. पान जवळ नेले, दूर नेले, पुन्हा जवळ नेले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “सही माझीच आहे.”

मी काही बोललो नाही. मला वाटले, आता एवढेच राहिले होते ते झाले.

त्यांचे बोट मात्र त्या ओळीवरून अजून सरकत होते. सहीवरून मागे येत ते एका रकान्यावर थांबले. “आणि हा टेम्पोचा नंबर आहे,” ते म्हणाले. “मला नंबर आठवत नव्हता हो, म्हणूनच मी रजिस्टर मागत होतो. टेम्पो कोणी पाठवला होता ते नंबरवरून निघालं असतं. गेटवर तेव्हा जो चौकीदार होता त्याला विचारता आलं असतं, टेम्पोबरोबर कोण आलं होतं म्हणून. तो गेला, चार वर्षं झाली.”

मी त्या पानावर सही पाहिली होती, वाहन खासगी आहे हे पाहिले होते, कोरा रकाना पाहिला होता. तो नंबरही मी वाचला होता. पण त्यातून काही विचारता येते हे माझ्या ध्यानात आले नव्हते, कारण ज्याला विचारायचे होते तो माणूस ते पान वाचत नव्हता, मी वाचत होतो. अभिलेखांच्या खोलीत उभ्याउभ्या मी त्यांना दुसऱ्यांदा दोषी ठरवले होते, आणि त्याही वेळी त्यांना विचारले नव्हते. त्या टेम्पोचा मालक कोण होता, तो कोणाच्या सांगण्यावरून आला, आणि अण्णा खरे बोलत होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. परिवहन कार्यालयात मी पुढे चौकशी केली. त्या नंबरचे वाहन दोनदा विकले जाऊन भंगारात गेले होते आणि १९८५ च्या मालकाचा पत्ता लागला नाही.

“ही प्रत मला ठेवता येईल?” अण्णांनी विचारले.

मी हो म्हणालो. ते उठून कपाटापाशी गेले आणि लाल टॅग बांधलेली एक फाइल घेऊन आले. तिच्यात आरोपपत्र होते, काढून टाकल्याचा आदेश होता, अपिलावरचे एका ओळीचे उत्तर होते, आणि मधोमध त्यांच्या हातचा, कार्बन कागदाने काढलेला, १९८५ च्या डिसेंबरचा अर्ज होता: रजिस्टर पाहण्यास मिळावे ही विनंती. टॅगची गाठ सोडायला त्यांना थोडा वेळ लागला. त्यांच्या पत्नीने पंच आणून दिला. अण्णांनी झेरॉक्सला दोन भोके पाडली, ती त्या अर्जाच्या बरोबर मागे लावली, आणि गाठ पुन्हा बांधली.